अकरावी-बारावीचं बायो: आधी डोळ्यांनी, मग पुस्तकातून

दर जूनमध्ये आमच्या बिल्डिंगमधली अकरावीत जाणारी एखादी मुलगी मला गाठते आणि विचारते, "ताई, बायो घेतलंय. पाठांतर फार असतं ना?" उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही. 'असतं, पण होतं गं' एवढंच तोंडातून निघतं आणि ती बिचारी आणखीच घाबरते. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

मला जे सांगायचंय ते थोडक्यात असं. बायोमध्ये पाठांतर आहे, भरपूर आहे, पण त्याचा नंबर दुसरा. ती गोष्ट आधी कुठेतरी डोळ्यांनी बघितलेली असली की पाठ करायला फारसं उरत नाही. आणि मुंबईत राहून, लोकलची धावपळ आणि क्लास सांभाळूनही हे बघणं जमतं. मला जमलं.

मी भांडुपची. दहावीपर्यंत मराठी माध्यम. निकालानंतर ऑनलाइन अर्ज, पसंतीक्रम, कट-ऑफच्या याद्या हे सगळं यथासांग झालं आणि पश्चिम नाही, पूर्व नाही, असं मधलं माटुंग्याचं कॉलेज मिळालं. त्यानंतर विषय निवडायचे. इथे प्रत्येकाचं काहीतरी ठरलेलं असतं. गणित ठेवून बायो सोडणारे इंजिनिअरिंगवाले, बायो ठेवून गणित सोडणारे मेडिकलवाले, आणि दोन्ही ठेवणारे म्हणजे 'बघू पुढे'वाले. बायफोकलला, म्हणजे व्यावसायिक विषयाला, इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स घेतलं की बायो आपोआप सुटतं, त्यामुळे मुंबईत तिकडे गर्दी असते. मी दोन्ही ठेवले. काका म्हणाले, "डॉक्टर व्हायचं नसेल तर बायो घेऊन काय करणार?" हा प्रश्न मला पुढची दोन वर्षं वेगवेगळ्या तोंडून ऐकायला मिळाला. आई मात्र म्हणाली, "तिला आवडतंय ना, घेऊ दे की." तिथे विषय संपला.

पुस्तकांचं आधी सांगते. बालभारतीची सध्याची पुस्तकं म्हणजे अकरावीचं २०१९चं आणि बारावीचं २०२०चं. बारावीत पंधरा धडे. वनस्पती आणि प्राण्यांचं प्रजनन, आनुवंशिकता, डीएनए, उत्क्रांती, वनस्पती आणि पाणी, श्वसन-अभिसरण, चेतासंस्था, रोग, बायोटेक्नॉलॉजी, परिसंस्था, जैवविविधता, असा पसारा आहे. बोर्डाचे शंभर गुण, त्यात लेखी ७० आणि प्रॅक्टिकल ३०. मेडिकल प्रवेशाची 'नीट' परीक्षा द्यायची असेल तर तिथे ७२० पैकी ३६० गुण एकट्या बायोचे, आणि त्यासाठी एनसीईआरटीची वेगळी पुस्तकं. म्हणजे डीएनएची प्रत कशी बनते, ही एकच गोष्ट दोनदा शिकायची. बोर्डासाठी आकृती काढून, पायऱ्या लिहून. नीटसाठी चार पर्यायांतून मिनिटाच्या आत एक उचलण्यासाठी. दोन्हींची सवय वेगळी. हे कुणी अकरावीत स्पष्ट सांगत नाही, मुलांना ते बारावीच्या दिवाळीनंतर कळतं.

मराठी माध्यमातून आल्यामुळे पहिले काही आठवडे इंग्रजी नावांनी जीव मेटाकुटीला आला. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. नावं रोज हाताने लिहीत गेले, गणपतीपर्यंत सवय झाली. मराठी माध्यमाच्या मुलींनी या एका कारणासाठी बायो सोडू नये, एवढं मात्र कळकळीने सांगते.

माझं खरं बायो सुरू झालं ते लॅबमध्ये. अकरावीच्या पेशी विभाजनाच्या धड्यासोबत कांद्याच्या मुळाची स्लाइड करायची असते. तयार स्लाइड पेटीतून काढून दाखवायचीही पद्धत आहे, पण आमच्या मॅडम म्हणाल्या, "तयार स्लाइड बघायची ती शेवटी. आधी स्वतः करा." लॅबमधल्या काकांनी बाजारातून कांदे आणायला सांगताना बजावलं, "जुना कांदा आणा. नुकता निघालेला मुळं धरत नाही." कांदा काढल्यावर काही काळ सुप्तावस्थेत असतो, हे मला त्या दिवशी काकांकडून कळलं, पुस्तकातून नाही. खालची वाळकी मुळं खरवडून काढायची आणि कांदा पाण्याने भरलेल्या नळीच्या तोंडावर असा बसवायचा, की बुडच फक्त पाण्याला टेकेल. पाणी रोज बदलायचं. ऐन पावसाळ्यात हे केलं, त्यामुळे कितीतरी कांदे काळे पडून सडले आणि लॅबभर वास सुटला. ज्यांना मुळं आली, ती पांढरी, ताठ, बोटाच्या पेराएवढी.

मुळांची टोकं सकाळी कापायची, कारण त्या वेळी विभाजन होत असलेल्या पेशी जास्त मिळतात. मग ती ॲसिटिक ॲसिड आणि अल्कोहोलच्या मिश्रणात दिवसभर ठेवायची. पेशी ज्या अवस्थेत असतील त्याच अवस्थेत तिथे थांबतात. दुसऱ्या दिवशी एक टोक काचपट्टीवर घेऊन हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाकायचा आणि किंचित गरम करायचं, म्हणजे पेशींना एकमेकींना धरून ठेवणारा थर सैल होतो. मग ॲसिटोकार्मिन. हा रंग गडद लाल. पुन्हा स्पिरिटच्या दिव्यावरून काचपट्टी अलगद फिरवायची, उकळी येऊ द्यायची नाही. सगळ्यात गडद रंगलेला टोकाचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा ठेवायचा, बाकीचा काढून टाकायचा. वर कव्हरस्लिप, त्यावर टिपकागद, आणि अंगठ्याने सरळ खाली दाब. अंगठा जरासा सरकला की पेशी गुंडाळल्या जातात.

आधी कमी पॉवरवर बघितलं तर नुसता लालसर पसारा. मोठ्या पॉवरवर लेन्स फिरवली, बारीक स्क्रूने फोकस जुळवला, आणि एका चौकोनी पेशीच्या मध्यभागी धाग्यांचा पुंजका दिसला. त्याच्या शेजारच्या पेशीत तेच धागे आडव्या रांगेत उभे. थोडं वर एका पेशीत दोन गट एकमेकांपासून दूर निघालेले, टोकं मागे ओढली जात असलेली. ॲनाफेज! पुस्तकातली आकृती मी त्याआधी पाहिली होती, पण ती चार पेशींची चार चित्रं होती, ओळीने मांडलेली. इथे सगळ्या अवस्था एकाच वेळी, कुठल्याही क्रमाशिवाय, एकमेकींना खेटून होत्या. क्रम आपण लावायचा होता.

मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मोज. कुठली अवस्था किती पेशींत आहे ते लिही." मोजलं. बहुतेक पेशींत नुसतं गोल केंद्रक, विभाजनाचा पत्ता नाही. उरलेल्यांत प्रोफेज, म्हणजे नुकती सुरुवात झालेल्या, सगळ्यात जास्त. मेटाफेज, म्हणजे धागे मधे रांगेत आलेल्या, मोजक्या. ॲनाफेज शोधाव्या लागल्या. "आता सांग, असं का?" मला लगेच सुचलं नाही. त्या म्हणाल्या, "गर्दीचा फोटो काढला आणि त्यात बरेच लोक बसलेले आणि थोडे चालताना दिसले, तर काय समजशील?" लोक बसून जास्त वेळ काढतात, चालतात कमी वेळ. म्हणजे ज्या अवस्थेच्या पेशी जास्त, ती अवस्था जास्त वेळ चालते! इंटरफेज, म्हणजे दोन विभाजनांमधला काळ, सगळ्यात लांब, ॲनाफेज झटपट उरकणारी. पेशीचक्राचा ९५ टक्क्यांहून जास्त काळ इंटरफेजमध्ये जातो, हे वाक्य एनसीईआरटीच्या पुस्तकात छापलेलं आहे आणि नीटला त्यावर प्रश्न येतो. मी ते वाक्य कधी पाठ केलं नाही. स्वतःच्या हाताने दाबलेल्या एका मुळाच्या टोकात मी ते बघितलं होतं.

कांद्याच्या पेशीत सोळा गुणसूत्रं असतात. ती नीट सुटी मोजता येतील अशी पेशी सापडायला मात्र नशीब लागतं.

इथे क्लासबद्दल बोलायला हवं. आमच्या वर्गातली बरीच मुलं इंटिग्रेटेडवाली होती, म्हणजे कॉलेजात नाव आणि दिवसभर क्लासमध्ये. ती प्रॅक्टिकलला क्वचित दिसत. मीही संध्याकाळी क्लासला जात होते, त्यामुळे क्लासला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. फिजिक्स तर मला क्लासमुळेच जमलं. पण बायो तिथे फार वेगाने संपवतात. फळ्यावर तक्ता, तक्त्याखाली युक्तीची ओळ, आणि लगेच पन्नास प्रश्नांची शीट. ज्या मुलांनी ते मूळ कधी हातात धरलेलं नसतं, त्यांच्यासाठी मेटाफेज हा एका यादीतला दुसरा शब्द राहतो. त्या मुलांचा यात दोष नाही. त्यांच्या वेळापत्रकात लॅबच ठेवलेली नसते, आणि ठेवायला हवी असं मला मनापासून वाटतं. तीस गुणांसाठी नाही, उरलेल्या सत्तर गुणांसाठी.

आता झुरळ. अकरावीच्या पुस्तकात एक पूर्ण धडा झुरळावर आहे, पेरिप्लॅनेटा अमेरिकाना. पूर्वी बोर्डात झुरळ चिरावं लागायचं. आमच्या वेळी चार्ट आणि मॉडेल. पण झुरळ बघायला मुंबईकराला कॉलेजात जायची गरज नाही. आमच्या ओट्याखालच्या कपाटात गॅसच्या नळीमागे मला अंड्यांची कुपी मिळाली, ऊथिका. तपकिरी, कडक, एका बाजूला शिवण घातल्यासारखी दातेरी कड. आई किंचाळली, "टाक ते आधी!" मी ती बाटलीत घालून भिंगातून बघितली आणि मगच टाकली. एका कुपीत साधारण चौदा ते सोळा अंडी, हा आकडा मग पाठ करावा लागला नाही.

पण झुरळाची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्याचं रक्त. ते लाल नसतं. हृदय तेरा कप्प्यांचं, लांबलचक, पाठीच्या बाजूला. पण त्यातून वाहतं ते रंगहीन. कारण ऑक्सिजन पोचवायचं काम रक्ताकडे नाहीच. शरीराच्या बाजूंना छिद्रांच्या दहा जोड्या, त्यातून हवा नळ्यांच्या जाळ्याने थेट पेशींपर्यंत जाते. ज्या रक्ताला ऑक्सिजन वाहायचा नाही, त्याला हिमोग्लोबिन कशाला? हे कळलं आणि माझ्या डोक्यात तीन धडे जोडले गेले, झुरळ, माणसाचं अभिसरण आणि श्वसन. तेव्हापासून एक सवय लागली. कुठलाही अवयव वाचला की आधी विचारायचं, याचं काम दुसरं कोण करतंय? झाडात कोण करतं, झुरळात कोण करतं, आपल्यात कोण करतं? बायोचे धडे पुस्तकात सुटे छापलेले असतात, या प्रश्नाने ते एकमेकांत शिरतात.

बारावीत वनस्पती आणि पाणी हा धडा आला आणि त्यासोबत ऱ्होइओच्या पानाचं प्रॅक्टिकल. ऱ्होइओ म्हणजे ते पान, जे वरून हिरवं आणि खालून जांभळं असतं. मुंबईत निम्म्या सोसायट्यांच्या कुंड्यांत आणि रस्त्याच्या दुभाजकांवर ते लावलेलं असतं. खालची जांभळी साल ब्लेडने सोलून पाण्यात ठेवली तर पेशी रंगाने काठोकाठ भरलेल्या. मिठाच्या दाट द्रावणात टाकून पुन्हा बघितली, तर जांभळा भाग भिंतीपासून सुटून मधे आकसलेला. बाहेर मीठ जास्त, म्हणून पेशीतलं पाणी बाहेर गेलं. सरळ गोष्ट.

त्या रविवारी मी ऐरोलीला मामाकडे गेले होते. मामा ठाण्याच्या खाडीकाठी सकाळी फिरायला जातो. भरती उतरली होती. काळाकुट्ट चिखल, त्याला सडक्या अंड्याचा वास, आणि त्या चिखलातून पेन्सिलींएवढे सरळ कोंब हजारोंनी वर आलेले. मामा म्हणाला, "ही सगळी तिवरं. भरतीला अर्धी पाण्यात असतात." मी त्याला विचारलं, "अरे मामा, पण खारं पाणी पिऊन ही जगतात कशी?" कालच लॅबमध्ये ऱ्होइओची पेशी मिठात आकसताना बघितली होती. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ. तेवढ्यात तिवराची पानं आकसून गळायला हवीत, आणि इथे ती ताठ, जाड, हिरवीगार. मामाने एक पान हातात दिलं. "जिभेला लावून बघ." लावलं. खारट! नीट उन्हात धरून बघितलं तर पानावर बारीक चमकणारे कण. मीठच.

घरी येऊन पुस्तक उघडलं तेव्हा प्रश्न माझ्याकडे आधीच तयार होता, आणि प्रश्न असला की धडा भराभर वाचून होतो. पाणी जिथे पाण्याची क्षमता जास्त तिथून कमी असलेल्या ठिकाणी जातं. मग झाडाने बाहेरून पाणी ओढायचं, तर त्याला आतली क्षमता समुद्रापेक्षाही कमी ठेवायला हवी. तिवर तेच करतं. बरंचसं मीठ मुळांपाशीच अडवतं. आत आलेलं मीठ पेशीतल्या मोठ्या पोकळीत साठवतं आणि पेशीद्रवात दुसरी निरुपद्रवी द्रव्यं वाढवतं, म्हणजे विकरांना मिठाचा त्रास होत नाही. तरी उरलेलं मीठ पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. मी चाखलं ते हे. आणि ते पेन्सिलींसारखे कोंब म्हणजे श्वसनमुळं. त्या चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतो, सडक्या अंड्याचा वास येतो तो ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जिवाणूंनी केलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा. म्हणून मुळांना हवेसाठी वर यावं लागतं. पाणी, श्वसन, अनुकूलन, जिवाणू, असे चार वेगवेगळे धडे त्या एका चिखलात होते.

हिवाळ्यात त्याच खाडीत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात, लहान आणि मोठे दोन्ही. ठाणे खाडीला २०१५मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२मध्ये ती पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. लहान रोहित नीलहरित शैवाल खातात आणि त्यांचा गुलाबी रंग अन्नातल्या कॅरोटिनॉइडमुळे येतो. परिसंस्थेच्या धड्यात अन्नसाखळीचं उदाहरण द्यायचं असतं. सगळी मुलं गवत-नाकतोडा-बेडूक-साप लिहितात. मी खाडीची लिहिली. भांडुप, मुलुंड, ऐरोली, शिवडी या पट्ट्यातल्या कुणालाही हे एका सकाळीत बघता येईल. बोरिवलीकडच्यांना नॅशनल पार्क आहे. सायन-धारावीजवळच्यांना महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, जे एकेकाळच्या कचराभूमीवर उभं राहिलंय. अनुक्रमण, म्हणजे एखाद्या जागेवर टप्प्याटप्प्याने जीवसृष्टी कशी उभी राहते, ते शिकताना ही माहिती हातात असावी.

आणखी एक गोष्ट रक्तगटाची. ही डोळ्यांनी बघण्यासारखी नव्हती, पण आपल्या शहराची होती, म्हणून माझ्यासाठी तितकीच जवळची. आनुवंशिकतेच्या धड्यात एबीओ रक्तगट येतात. दोन्ही पालक ओ, तर मूल ओच होणार. गणितासारखं पक्कं. पण मॅडमनी फळ्यावर एक कोडं लिहिलं: आईचा गट तपासणीत ओ, वडिलांचा ओ, मुलाचा ए. आई-वडील तेच आहेत, यात शंका नाही. कसं शक्य आहे?

वर्गात शांतता. मग त्यांनी बॉम्बे ब्लड ग्रुपची हकीकत सांगितली. १९५२मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत हा रक्तगट पहिल्यांदा ओळखला आणि 'लॅन्सेट'मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध झाली. गोष्ट अशी आहे की ए आणि बी प्रतिजन, म्हणजे लाल पेशीवरच्या ओळखीच्या खुणा, आपोआप तयार होत नाहीत. त्याआधी लाल पेशीवर एच नावाचा पाया असावा लागतो. त्या एचवर एक विशिष्ट शर्करा जोडली की ए, दुसरी जोडली की बी, काहीच जोडलं नाही की ओ. म्हणजे ओ गटाच्या माणसाकडे एच भरपूर असतो. पण एच बनवणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असल्या, तर पायाच नाही. मग त्या व्यक्तीकडे ए किंवा बीचं जनुक असलं तरी ते व्यक्त कुठे होणार? तपासणीत ती ओच दिसणार.

कोडं सुटलं. आईकडे ए जनुक आहे, पण एच नाही, म्हणून ती ओ दिसते. वडील खरे ओ, त्यांच्याकडे एच शाबूत. मुलाला आईकडून ए मिळालं, वडिलांकडून चालणारं एच मिळालं, आणि दोन पिढ्यांच्या मधे दडलेला ए वर आला. एक जनुक दुसऱ्या जनुकाला झाकतं, हे मी यापेक्षा चांगल्या उदाहरणातून शिकूच शकले नसते. शिवाय यात जिवाचा प्रश्न आहे. बॉम्बे गटाच्या माणसाच्या रक्तात एचविरुद्ध प्रतिपिंडं असतात, म्हणून त्याला ओ रक्तसुद्धा चालत नाही. फक्त बॉम्बे गटाचंच लागतं. भारतात असे लोक दहा हजारांत एकाच्या आसपास. त्या दिवशी घरी जाऊन मी बाबांना, आजीला, शेजारच्या काकूंना, सगळ्यांना हे समजावून सांगितलं. कुणाला तरी समजावून सांगणं ही माझी उजळणीच होती. आजीला मधुमेह असल्यामुळे तिला तर साखर ओळखणारी बेनेडिक्टची चाचणीही ऐकावी लागली. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून एचबीएवनसी तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देते, हे कळल्यावर ती म्हणाली, "म्हणजे तपासणीच्या आदल्या दिवशी उपास करून काही उपयोग नाही तर!" डॉक्टरांनी आजवर हे तिला असं उलगडून सांगितलं नव्हतं.

रोजच्या अभ्यासाचं थोडं. भांडुप ते माटुंगा लेडीज डब्यात पुस्तक उघडायला जागा नसते, त्यामुळे तिथे मी डोळे मिटून आकृत्या आठवायची. नेफ्रॉन, बीजांडाचा छेद, हृदयातून रक्ताचा मार्ग. जिथे अडखळेन ते घरी जाऊन कोऱ्या कागदावर काढायचं, पुस्तक बंद ठेवून. बोर्डाच्या आकृत्या पेन्सिलनेच, सावली न देता, नावांच्या रेषा आडव्या आणि शक्यतो उजव्या बाजूला. जर्नलमध्ये मॅडम हे इतकं कडक तपासायच्या की परीक्षेत वेगळा विचार करावा लागला नाही. विचार करायला लावणारे प्रश्न हवे असतील तर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या ऑलिम्पियाडचे जुने पेपर इंटरनेटवर आहेत. सगळे सुटले नाहीत तरी चालेल. एक प्रश्न घेऊन आठवडाभर डोक्यात ठेवला तरी फायदा होतो.

लेखी पेपर तीन तासांचा. दहा पर्यायी प्रश्न, आठ एका वाक्याचे, मग दोन गुणांचे बारापैकी आठ, तीन गुणांचे बारापैकी आठ, आणि चार गुणांचे पाचपैकी तीन. यात खरे गुण तीनच्या प्रश्नांत आहेत, २४. क्लासमध्ये फक्त पर्यायांची सवय झालेली हुशार मुलं नेमकी इथे कमी पडतात, कारण तीन गुणांसाठी कारण, क्रम आणि आकृती तिन्ही हवं असतं. ऑक्टोबरपासून रोज असं एक तरी उत्तर वेळ लावून लिहायला हवं.

प्रॅक्टिकलची परीक्षा आधी झाली. बाहेरून आलेले परीक्षक सर शांत होते. माझ्या सूक्ष्मदर्शकात वाकून बघत म्हणाले, "हे काय दाखवलंयस?"

"सर, ॲनाफेज."

"कशावरून?"

"गुणसूत्रांचे दोन गट वेगळे झालेत आणि मधला भाग पुढे, टोकं मागे आहेत. ओढले जाताहेत दोन्हीकडे."

"आख्ख्या स्लाइडवर असे किती दिसले?"

"मोजकेच, सर. फार थोडा वेळ टिकते ही अवस्था."

त्यांनी मान वर करून बघितलं. "हे कुणी सांगितलं?"

"मोजलंय, सर."

त्यानंतर त्यांनी स्पॉटिंगचं, म्हणजे मांडलेले नमुने ओळखण्याचं, काही विचारलंच नाही. खाडीबद्दल, तिवरांबद्दल बोलत राहिलो, कारण जर्नलमध्ये मी ऱ्होइओच्या प्रयोगाखाली त्या पानाची नोंद करून ठेवली होती. मागची मुलगी खोळंबली तेव्हा ते थांबले.

नीट मी दिली, गुण बरे आले, पण तोवर माझं ठरलं होतं. मी बीएस्सीला बॉटनी घेतलं. काकांना ते पटलं नाही, अजूनही फारसं पटलेलं नाही. बाबांनी फॉर्म वाचला, सही केली आणि विचारलं, "त्या खाडीतल्या झाडांवर काम करतात का कुठे?"

करतात, मी म्हटलं. राज्याच्या वनविभागात २०१२पासून अशाच झाडांसाठी स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. बाबा म्हणाले, "मग त्यांच्याकडे विद्यार्थ्यांना कधी घेतात ते विचारून ठेव."